पाण्याला ऐंशी गुण

त्या सकाळी शेडमध्ये पन्नास-साठ माणसं जमली होती आणि सगळी एका काट्याकडे बघत होती.

काटा बोटाच्या पेराएवढा. तो होता माझ्या पुतण्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानात, चालकाच्या समोरच्या फळीवरच्या तबकडीत. टाकीत किती पेट्रोल आहे हे सांगणं एवढंच त्याचं काम. टाकी चाळीस लिटरची. सगळ्यांच्या देखत मोजून दहा लिटर ओतलं होतं, आणि काटा इमानदारीने पावावर उभा होता.

भरतीबाबांनी बाटली वर धरली. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट. बाटली मात्र निळी.

"टाकी म्हणजे पोट," ते म्हणाले. "काटा म्हणजे जीभ. पोट रिकामं असताना जीभ भरल्याचं बोलली, तर समजावं की जिभेवर दुसरंच कुणीतरी बसलंय! या घराच्या काट्याला बाधा आहे. आज मी ती उतरवतो. शास्त्र जिथे थांबतं, तिथे माझी बाटली उघडते."

बाटलीचं बूच उघडलं. टाकीच्या तोंडातून त्यांनी हळूहळू पाणी सोडलं. साधारण अर्धा पेला असेल.

काटा हलला. पावावरून अर्ध्यावर गेला. तिथे जरा थरथरला आणि मग सरळ चढत जाऊन 'पूर्ण'वर टेकला.

 शेडमध्ये एकदम सगळे बोलायला लागले.

"दहा लिटरचं चाळीस झालं!" किराणावाला ओरडला.

"माझ्या ट्रकला पण द्या हो थोडं," टायरवाला म्हणाला. तो कुठेही थट्टा करतो. 

माझी वहिनी पंखाखाली उभी होती. तिने हात जोडले. चेहऱ्यावर काही नव्हतं. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर काही आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि माझ्याही आलं नसावं. आम्ही एकमेकांना आरशासारखे झालो होतो.

दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पुतण्याचे अप्पा. जन्मभर बसच्या कारखान्यात पत्रे ठोकले आणि उतारवयात विमान बांधलं. दोन वर्षांपूर्वी ते चालवत असताना त्याने खाली उभ्या असलेल्या मुलाला वॉकीटॉकीवर सांगितलं, "पाव टाकी आहे. एक चक्कर मारून येतो." त्या चकरेत इंजिन बंद पडलं. विमान शेताच्या बांधाला धडकलं. आम्ही पोचलो तेव्हा विजेचं बटण चालूच होतं, आणि काटा पावाच्या खुणेपाशी होता. टाकी मात्र कोरडी. चौकशीला आलेल्या माणसाने बोटाने टाकीचा तळ पुसून पाहिला आणि कागदावर लिहिलं, 'इंधन संपले'.

लोकांना ते पटलं नाही. पाव टाकी दिसत असताना इंधन संपेल कसं? मग बाधा आली. कुणी म्हणालं शाप, कुणी म्हणालं नजर. वहिनी काहीच म्हणाली नाही, पण भरतीबाबांना बोलावून आणलं ते तिनेच.

बाबांनी जाताना टाकीच्या तळाच्या नळीवर, जिथून टाकीतलं खालचं पाणी आणि गाळ काढून टाकतात तिथे, लाल दोरा बांधला. वर लाखेचा ठिपका दिला.

"अकरा दिवस ही नळी उघडायची नाही. उघडली की भरती गेली. आणि रविवारी मुलगा बिनघोर उडू दे. काटा खाली येणार नाही."

काटा खाली येणार नाही, हे अगदी खरं होतं. तीच तर भीतीची गोष्ट होती.

*

गर्दी गेल्यावर मी पुतण्याला म्हटलं, "तुला कळलं ना त्याने काय केलं ते?"

तो चाकाचे बोल्ट आवळत होता. "कळलं."

"मग?"

"आईला शब्द दिलाय, काका. या दोऱ्याला हात लावणार नाही म्हणून."

"अरे, पेट्रोलच्या खाली पाणी बसलंय. इंजिनात गेलं की संपलं."

"इंजिनाची नळी टाकीच्या तळापासून दोन बोटं वर आहे. पाणी तिच्या खाली राहील."

"जमिनीवर राहील. वर गेल्यावर विमान डुलेल, वाकेल. पाणी काय जागच्या जागी बसून राहणार आहे?"

"पुढे जाळी आहे."

"जाळीत चमचाभर मावतं. त्याने अर्धा पेला ओतलाय."

त्याने पाना खाली ठेवला. "मग इंजिन खोकेल," तो म्हणाला. एखादा 'मग पाऊस येईल' म्हणतो, तसं. "बाबा येणार म्हणून आई काल रात्रभर झोपली, काका. दोन वर्षांनी. मी तिला काय सांगू?"

मी त्याला काही सांगितलं नाही. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की कळत नसेल तर विचारा आणि कळत असेल तर बोला. पण त्या दिवशी मी गप्प घरी गेलो. त्यानंतर तीन दिवस गप्पच राहिलो.

का, ते पुढे येईल. आधी त्या काट्याचं समजून घेऊ. मुलांनो, हे अवघड नाही.

टाकीत किती पेट्रोल आहे हे कळायला साधे तीन-चार मार्ग असतात. टाकीबाहेर एक पारदर्शक नळी जोडायची. आत जेवढं, तेवढं नळीत दिसतं. ती कधी खोटं बोलत नाही, पण उडताना तिच्याकडे वाकून बघावं लागतं, आणि काही वर्षांत ती पिवळी पडते. दुसरा मार्ग तरंगत्या डबीचा. डबी पेट्रोलवर तरंगते आणि दांडीने काटा हलवते. स्कूटरमध्ये असतं ते. स्वस्त, पण दांडी कधीकधी अडकते. दादाच्या विमानात तेच होतं. म्हणून पुतण्याने तिसरं निवडलं. एका नळीत दुसरी बारीक नळी, मध्ये काडीएवढी फट. ही जोडनळी टाकीच्या मधोमध वरपासून तळापर्यंत उभी असते. हलणारं काहीच नाही, त्यामुळे अडकणारंही काही नाही. त्या फटीत विजेचा भार किती साठतो हे मोजून काटा हलतो. आणि चौथा मार्ग, लाकडी काठी. टाकीत बुडवायची, ओली कुठवर झाली ते बघायचं. तिला वीजही लागत नाही आणि बाबाही लागत नाही.

आता तिसऱ्याची गंमत बघा. फटीत काय आहे, यावर भार किती साठेल ते ठरतं. समजा परीक्षा घेतली. हवेला एक गुण मिळतो, पेट्रोलला दोन. फट हवेने भरलेली असली की काटा 'रिकामी' म्हणतो, पेट्रोलने भरलेली असली की 'पूर्ण'. एक ते दोन, एवढ्यातच त्याची सगळी दुनिया. आणि त्याच परीक्षेत पाण्याला मिळतात ऐंशी!

म्हणून तळाला फटीत चार-पाच मिलिमीटर पाणी शिरलं, तरी बिचाऱ्या काट्याला वाटतं की टाकी काठोकाठ भरली. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते आपोआप तळाला जातं. टाकीचा तळ नावेसारखा निमुळता, म्हणून अर्धा पेलाही पुरतो.

चमत्कार तो एवढाच.

*

रविवारी धावपट्टीपाशी शंभरावर माणसं आली. धावपट्टी म्हणजे गवत कापलेलं लांब मैदान. विमान शेडच्या दारात होतं, नाक वर, शेपूट जमिनीला टेकलेली. शेपटीखाली चाक असलेली विमानं अशीच बसतात, कुत्रं बसतं तशी.

पुतण्याने इंजिन चालवून पाहिलं. दहा मिनिटं व्यवस्थित चाललं. भरतीबाबा जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? मंत्राच्या जोरावर चाललंय!"

इंजिन बंद झालं. पुतण्या टोपी घालायला लागला. तो आईकडे बघत होता आणि वहिनी त्या लाल दोऱ्याकडे बघत होती. मला तोच क्षण आठवतो. त्या पोराला भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. आणि मला एकदम कळलं की मी अजून पाच मिनिटं गप्प राहिलो, तर हा असाच निघून जाईल.

मी शेडमधलं टेबल दारात ओढलं. त्यावर काचेची उंच बरणी ठेवली, पुतण्याजवळची जादा जोडनळी तिच्यात उभी केली आणि तिच्या तारा दुसऱ्या तबकडीला जोडल्या.

"मास्तर, तास घेताय की काय?" टायरवाला म्हणाला.

"घेतोय. पुढे ये, मागे बसून बोलू नकोस."

लोक हसले. मी बरणीत पाव उंचीपर्यंत पेट्रोल ओतलं. काटा पावावर आला.

"बाबा, तुमच्या बाटलीतलं जरा देता?"

बाबांनी बाटली मागे घेतली. "हे सगळ्यांच्या हातात द्यायचं नसतं."

"मी हात लावत नाही. तुम्हीच ओता."

शंभर माणसं बघत होती. बाबांना ओतावं लागलं. काटा चढला, 'पूर्ण'वर गेला. टाळ्या पडल्या. बाबा खुलले.

"बघा! मास्तरांनी स्वतःच सिद्ध केलं!"

"हो," मी म्हटलं. मी बरणी रिकामी केली, नळी पुसली, फुंकून कोरडी केली. पुन्हा पाव पेट्रोल. काटा पावावर. नंतर हात धुवायच्या नळाखाली पेला धरला आणि तेवढंच पाणी बरणीत ओतलं.

काटा चढला आणि 'पूर्ण'वर टेकला.

कुणी टाळी वाजवली नाही.

"आता हे पाणी कुणी मंतरलं?" मी विचारलं.

"नळबाबा की जय!" टायरवाला ओरडला, आणि मग हसू आवरेना.

"नळातही माझीच शक्ती उतरते," भरतीबाबा म्हणाले, पण आवाज घसरला होता. "श्रद्धा नसलेल्या माणसासमोर..."

"श्रद्धा आहे ना तुमची?" मी म्हटलं. "मागची खुर्ची रिकामी आहे. बसा. पोराबरोबर एक चक्कर मारून या. टाकी तर भरलेलीच आहे."

बाबांना अचानक गुडघ्याचं दुखणं आठवलं.

गर्दीतून गिरणीचा जनरेटरवाला पुढे आला. बाबांकडे निरखून बघत म्हणाला, "अहो, तुम्ही आमच्याकडे डिझेलच्या टाक्या धुवायला होता ना? तळाला पाणी साचलं की काटा वर जातो, हे तुम्हीच तर मला दाखवलं होतं! तेव्हा बूट काळे होते."

बाबांनी बाटलीला बूच लावलं. ते कधी गेले, ते नीट कुणी पाहिलंच नाही.

*

मला वाटलं, संपलं. पण वहिनी टेबलापाशी आली.

एक सांगायचं राहिलं. वहिनी वीस वर्षं दूध संकलन केंद्रात आहे. रोज सकाळी शंभर कॅन तिच्यासमोरून जातात आणि त्यांतलं पाणी ती पकडते. मापक बुडवते, आकडा बघते, आणि समोर कुणीही असो, कॅन बाजूला काढते. 'पाण्याची बाई' म्हणतात तिला.

तिने बरणी उचलून उजेडासमोर धरली. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये रेघ. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

"दुधात रेघ दिसत नाही," ती म्हणाली. "इथे तर दिसतेय. आणि मी दोरा राखत बसले."

"वहिनी, टाकी पत्र्याची. बाहेरून कुणाला दिसणार?"

तिने बरणी खाली ठेवली. मग तो प्रश्न आला. त्याच्या भीतीने मी तीन दिवस गप्प होतो.

"भाऊजी, यांच्या टाकीत पाणी होतं?"

"नाही."

"तरंगती डबी अडकली होती?"

"नाही. मी तपासली होती. मोकळी होती."

"मग काटा पाव का म्हणत होता? बाधा नव्हती, पाणी नव्हतं. मग काय होतं?"

लोक अजून उभे होते. मी खिशातून रुमालाची घडी काढली. तिच्यात दादाच्या विमानातली तबकडी होती. दोन वर्षं ती माझ्या कपाटात होती.

"अक्षर ओळखता?" मी विचारलं.

"तुमचं."

"दादाने डबी टाकीच्या पुढच्या टोकाला बसवली होती, कारण तिथे भोक तयार होतं. मग आम्ही खुणा करायला बसलो. तो लिटर लिटर ओतत होता आणि मी काट्याजवळ लिहीत होतो. म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही. विमान असंच उभं होतं. शेपूट जमिनीवर."

मी टेबलावरचा चौकोनी ट्रे घेतला, त्यात थोडं पेट्रोल ओतलं आणि एक बाजू उचलली. पेट्रोल मागच्या कडेला गेलं. पुढची कड कोरडी पडली.

"दहा लिटर ओतेपर्यंत डबी हललीच नाही, कारण सगळं पेट्रोल मागे होतं. दहा झाले तेव्हा काटा केसभर हलला. तिथे मी 'पाव' लिहिलं. बघा, 'रिकामी' आणि 'पाव' यांच्यात केसाचं अंतर आहे. एखाद्या मुलाच्या वहीत हे दिसलं असतं, तर मी लाल रेघ मारली असती."

मी ट्रे सपाट केला. पेट्रोल सगळीकडे पसरलं. पातळ थर, पण पुढच्या कडेलाही पोचलेला.

"हवेत विमान सपाट उडतं. दोन-तीन लिटर उरलं तरी डबी केसभर उचललेली राहते, आणि काटा पाव म्हणतो. दादाने ते वाचलं. मी लिहिलेलं होतं, म्हणून त्याने विश्वास ठेवला."

लोक ट्रेकडे बघत होते. टायरवालाही.

"तुम्हाला केव्हा कळलं?" वहिनीने विचारलं.

"महिन्यापूर्वी. याने या विमानाच्या खुणा करायच्या आधी शेपूट उचलून उंच लाकडी घोडीवर ठेवली, विमान सपाट व्हावं म्हणून. मला विचारलं, काका, अप्पांच्या वेळी शेपूट उचलली होती का? मी म्हटलं, आठवत नाही."

"मला माहीत होतं, तुम्हाला आठवतंय ते," पुतण्या म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

वहिनीने तबकडी घेतली, जवळ धरून वाचली, आणि आपल्या पिशवीत ठेवली. ती रागावली नाही. रडलीही नाही. मला वाटतं, आम्हा तिघांपैकी कुणालाच त्या क्षणी काही वाटलं नाही. बधिर झालेल्या बोटाला सुई टोचली, तर सुई दिसते, दुखत नाही. दुखणं नंतर आलं, ते इथे सांगत नाही.

तिने कात्री मागितली आणि लाल दोरा कापला. टाकीच्या तळाची नळी उघडून खाली बरणी धरली. आधी पाणी आलं, मग पिवळं पेट्रोल. काटा 'पूर्ण'वरून घसरत पावाच्या किंचित खाली येऊन थांबला.

"आज उडायचं नाही," ती म्हणाली. "टाकी पूर्ण रिकामी करा, वाळवा. शेपूट घोडीवर ठेवा. खुणा पुन्हा करायच्या. मी ओतते, मी बघते, मीच लिहिते."

*

मुलांनो, माझं म्हणणं थोडंच आहे. काटा अचानक वर चढला, तर हात जोडायच्या आधी विचारा की तो कशाने चढला. तेच साध्या नळाच्या पाण्याने होतं का, ते करून बघा. आणि काटा खोटं बोलला, तर शाप शोधू नका. खूण कुणी केली, कशी केली, ते शोधा. शाप शोधणं सोपं असतं, कारण शापाला नाव नसतं. चुकीला नाव असतं. ते आपलं निघालं तरी शोधायचं, आणि निघाल्यावर गप्प बसायचं नाही. मी महिनाभर बसलो होतो. त्यातल्या शेवटच्या तीन दिवसांत एक पोर जाऊ शकलं असतं.

पुढच्या रविवारी पुतण्या उडाला. गर्दी नव्हती. जायच्या आधी वहिनीने तळाचं पेट्रोल बरणीत काढून उजेडात धरलं. रेघ नव्हती. मग तिने शेपूट घोडीवर चढवायला लावली आणि लाकडी काठी टाकीत बुडवली. ओल्या खुणेवर अंगठा ठेवला.

"एकोणीस," ती म्हणाली.

पुतण्याने आतून काटा वाचला. "एकोणीस."

मी पंखापाशी वही-पेन्सिल घेऊन उभा होतो. मला कुणी लिहायला सांगितलं नाही.